साडेतीन वर्षांचा मुलगा खेळणी हिसकावतो, मारतो. त्याला इतरांशी नीट वागायला कसं शिकवू?

मी बालवर्गाला शिकवते. तुम्ही लिहिलंय की कितीही समजावलं तरी तो 'सॉरी' म्हणतो आणि पुन्हा तेच करतो. या वयात ते अगदी नेहमीचं आहे, मुलगा हाताबाहेर चाललाय असं मनात आणू नका. पण समजावण्याची वेळ तुम्ही चुकीची निवडताय. मूल रागाने लाल झालेलं असताना दिलेला उपदेश डोक्यात शिरत नाही. तेव्हा फक्त सावरायचं. शिकवायचं नंतर, सगळं शांत असताना.

सावरायचं म्हणजे काय, तर मागे वर्गात एका ट्रकवरून एका मुलाची आणि मुलीची ओढाताण चालली होती. मी खाली बसले, ट्रकवर हात ठेवला, पण काढून घेतला नाही. मुलाला म्हटलं, "दोघांनाही हाच हवाय. तुझ्या मुठी बघ किती आवळल्यात. राग आलाय." तो काही बोलला नाही, पण पकड सैल झाली. मग म्हटलं, "तिला विचार, तुझं झालं की मला देशील का?" त्याने पुटपुटत विचारलं. ती ठणकावून म्हणाली, "नाही!"

इथे बहुतेक मोठी माणसं मुलीला "दे गं त्याला" म्हणतात. मी तसं म्हटलं नाही. तिचा खेळ चालू होता, तिला 'अजून नाही' म्हणायचा हक्क आहे. आता शिकायचं होतं ते त्याला, थांबायला. आणि थांबणं एवढ्याशा मुलाला एकट्याने जमत नाही, म्हणून मी त्याच्यासोबत ठोकळे रचत बसले. तिने ट्रक सोडला तोवर याला तो नकोसा झाला होता! असं फार वेळा होतं.

'सॉरी' वदवून घेणं मी तर सोडूनच दिलंय. "तिला कसं वाटलं असेल?" हा प्रश्नही जड जातो. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसू शकतं, हेच मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. त्यापेक्षा चेहरा दाखवा: "ती रडतेय. तिचा मनोरा पडला. आता काय करूया?" मूल ठोकळे गोळा करायला लागलं की मला पुरे.

मदतीची ओढ मुलांत मुळातच असते. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या प्रयोगात अवघ्या 18 महिन्यांची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देत होती. 2008 साली त्यांनाच असंही आढळलं की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. म्हणून चांगलं वागलं की स्टिकर, ही पद्धत मला पटत नाही.

शांत वेळेत काय करायचं? बाहुल्यांचं भांडण लावा. एकीने दुसरीचा चेंडू पळवला, आता काय करायचं ते मुलालाच विचारा. दुसऱ्याच्या भांडणात मुलं भलतीच शहाणी असतात. स्टॅच्यू खेळा, कारण पळता पळता शरीराला थांबवणं हाच रागात हात आवरण्याचा सराव आहे. आणि रागाखेरीज हिरमुसणं, वैतागणं, हेवा वाटणं, लाज वाटणं हे शब्दही रोजच्या बोलण्यात येऊ द्या, स्वतःबद्दल बोलतानासुद्धा: "मी वैतागलेय, जरा पाणी पिते." अर्थात 'मारू नकोस' म्हणत धपाटा घातलात तर वरचं सगळं पाण्यात.

महिन्याभरात चमत्कार होणार नाही. मात्र तो हाक मारल्यावर वळत नसेल, बोलणं फारच मागे असेल, किंवा स्वतःला वा इतरांना वारंवार इजा करत असेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं नसेल तर शाळेतल्या बाईंशी बोलून घरी आणि वर्गात वाक्यं तीच ठेवा. दोन ठिकाणी दोन नियम असले की मूल गोंधळतं.