रक्त चॉकलेटी का दिसतं? भयपट करू पाहणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात स्वतःच्या खर्चाने लघुपट करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं भुताखेतांची निघाली. त्यातले काही प्रश्न निवडून घेतले आहेत.

प्रश्न : जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९६८) रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, असं वाचलं. आम्हीही बाटली आणली. पण मित्राच्या शर्टावर कालवण सांडल्यासारखं दिसतंय. काय चुकलं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रोमेरो यांचा सिनेमा कृष्णधवल होता, एवढंच तुमच्याकडून निसटलं. कृष्णधवलमध्ये रक्त लाल असावं लागत नाही. ते गडद असावं, दाट असावं आणि सावकाश ओघळावं. चॉकलेट सिरप या तिन्हीत बसतं. तुमचा कॅमेरा रंगीत आहे, म्हणून त्याला ते चॉकलेटच दिसतं.

रंगीत चित्रणासाठी बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. एक वाटी ग्लुकोजला पाव वाटी कोमट पाणी घ्या. त्यातल्याच थोड्या पाण्यात एक चहाचा चमचा कोको पावडर आधी कालवून घ्या. थेट टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या क्लोजअपमध्ये उघड्या पडतात. मग पाव चमचा तांबडा खाद्यरंग, आणि शेवटी काडीपेटीतल्या काडीच्या टोकावर मावेल इतकाच निळा. नुसत्या तांबड्याने गड्ड्याच्या जत्रेतलं सरबत होतं. कोकोमुळे पारदर्शकपणा जातो आणि निळ्यामुळे लाल रंग खोल जातो.

ग्लुकोज नाही मिळालं तर दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घालून एकतारी पाक करा, पण त्यात अर्धं लिंबू पिळायला विसरू नका. लिंबाशिवाय पाक गार झाला की साखर परत कणी धरते आणि गालावरचं रक्त खडीसाखरेसारखं चमकतं.

रंग बशीत बघून ठरवू नका. पांढऱ्या चिंधीवर आणि हातावर लावा, ज्या दिव्यात चित्रण आहे त्याच दिव्यात धरा आणि मोबाइलवर बघा. पिवळ्या बल्बखाली हेच रक्त केशरी होतं आणि निळ्या प्रकाशात जवळपास काळं पडतं. काळं पडत असेल तर आणखी तांबडा ओतून उपयोग नाही, दिवा बदला.

आता सोलापूरपुरतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीपार पारा असताना पाक आधी पातळ होऊन गळतो, मग त्यातलं पाणी उडून चिकट पापुद्रा धरतो. मुंग्या आणि माश्या तर निमंत्रणाशिवाय येतात. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा. लावलेलं रक्त वाळायला लागलं की वरून पाण्याचा बारीक फवारा मारा. एकसारखे तीन शर्ट घ्या, कारण दुसऱ्या टेकला पहिल्या शर्टावरचा डाग जागच्या जागी जुळवणं कुणालाच जमत नाही. कातडीवर आधी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, नाहीतर रंग दोन दिवस निघत नाही.

एक धोका सांगून ठेवतो. दृष्ट काढायला हळद-चुन्याचं तांबडं पाणी करतात. ते स्वस्त आणि दिसायलाही झकास, म्हणून पुष्कळांना सुचतं. ते चेहऱ्याला लावू नका. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जायबंदी होऊ शकतो. तोंडातून येणारं रक्त फक्त खाण्याच्या जिनसांचं हवं. कपड्यावरचा डाग निघावा म्हणून भांड्यांचा साबण मिसळणार असाल तर ती बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसं लिहा.

प्रश्न : मामांच्या उसात रात्रीचा पाठलाग घ्यायचा आहे. मोबाइलवर चाचणी केली तर सगळं चित्र मुंग्यांनी भरल्यासारखं दिसतं. जनरेटर आणावा का?
– एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : आधी मामांना विचारा, तोड कधी आहे? कारखान्याची टोळी आली की उभा फड बघता बघता मोकळा होतो, आणि तुमच्या नायिकेचा पाठलाग दुसऱ्या रात्री बोडक्या रानात चालू होतो. ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि गाळप जोरात नसतं, असा दिवाळीच्या आगेमागेचा काळ धरा, आणि उसातले सगळे प्रसंग एकाच खेपेत उरका.

रात्रीचा प्रसंग रात्रीच घ्यायचा, हा हट्ट सोडा. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं आभाळात निळा उजेड राहतो. त्या वेळात व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ३२०० ते ४००० केल्विनवर बांधा, म्हणजे चित्र निळं होईल, आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) एक-दीड स्टॉप खाली उतरवा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. उसाचे तुरे आभाळावर काळे उमटतात आणि माणूसही दिसतो. इतक्यात तीन शॉट होतात, चार नाही. म्हणून तालीम चार वाजता, पावलांच्या जागी खुणा करून.

खऱ्या अंधारात दिसणाऱ्या त्या मुंग्या म्हणजे मोबाइलने आपल्या मनाने वाढवलेला आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता. मॅन्युअल अ‍ॅप वापरा. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ ८००च्या वर नाही. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या शटरला दिव्याचे पट्टे सहसा येत नाहीत. तरी आले तर तो दिवाच हलक्या प्रतीचा आहे, तो परत करा.

दिवा समोरून मारू नका. समोरून मारला की उसाची पानं पांढरी फटफटीत होतात आणि मागे काळी भिंत उरते. पन्नास वॅटचा एलईडी फ्लडलाइट दहा फुटी शिडीवर, नटाच्या मागे, तोंड कॅमेऱ्याकडे पण फ्रेमच्या बाहेर ठेवा. उजेड पानांच्या फटींतून येतो आणि माणसाची फक्त कड उजळते. एवढ्या दिव्याला जनरेटर कशाला? घरचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची भरलेली बॅटरी रात्रभर पुरते, शिवाय आवाज नाही.

फडात आत शिरायचीही गरज नाही. बांधालगतच्या दोन सऱ्या आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, एवढ्यात एकराचा ऊस दिसतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) घराभोवतीच्या उसाचाच भुलभुलैया होतो. तो बघताना कॅमेरा कुठे उभा आहे, ते शोधा.

नटांना पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, कारण उसाच्या पात्याने गाल चिरतो. पायांत बूट हवेतच, उसात साप-विंचू असतात. मशाल किंवा टेंभा अजिबात नको. वाळलेलं पाचट एका ठिणगीत पेटतं आणि मग मामाही गेले आणि ऊसही गेला. फवारणीचा पंप साध्या पाण्याने भरून जवळ ठेवा.

प्रश्न : आमचं घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. संवादात खडखडाट येतो. सॉफ्टवेअरने काढता येईल?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : थोडा काढता येतो, पण त्याबरोबर माणसाचा आवाजही पिंपात बसल्यासारखा होतो. संवाद कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घ्या, किंवा चित्रण झाल्याबरोबर त्याच नटांना आतल्या खोलीत बसवून नुसते संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करा. खोलीच्या तीन बाजूंनी चादरी टांगा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. पंखा आणि फ्रिज बंद. प्रत्येक जागेची निव्वळ शांतता मिनिटभर मुद्रित करून ठेवा. संकलनात दोन संवादांमध्ये तीच भरावी लागते, नाहीतर आवाज तुटल्याचं कान ताबडतोब पकडतो. बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि किंकाळीचा टेक वेगळा, पातळी बरीच उतरवून. फाटलेली किंकाळी दुरुस्त होत नाही.

पण तो खडखडाट टाकून देऊ नका! धोट्याची लय एकसारखी असते, म्हणून पाच मिनिटांत कान ती ऐकायचं सोडून देतो. ती दृश्याखाली हळू चालू ठेवा आणि नको त्या क्षणी बंद करा. दोन-तीन सेकंद काहीच नाही. दार वाजवायचं ते त्यानंतर.

हाड मोडल्याच्या आवाजाला उसाचं कांडं मोडा. बारीक हाडं कुरकुरायला कडक भाकरी पुरते, माइकपासून वीतभर अंतरावर. आणि नवशिके हटकून करतात ती चूक म्हणजे ४० हर्ट्झचा घुमणारा आवाज घालून खूश होणं. हेडफोनवर छातीत धडकी भरते, मोबाइलच्या स्पीकरवर तो वाजतच नाही. तुमचा प्रेक्षक मोबाइलवरच आहे. त्याच आवाजाला २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा एक थर जोडा.

प्रश्न : भूत पांढऱ्या साडीत दाखवावं की काळ्या?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दाखवू नका. दोरीवर वाळत घातलेली सोलापुरी चादर मधोमध एक वीत सरकली, तर ते पुरे आहे. चादर ओढायला मासेमारीची नायलॉनची तार दहा किलो वजन पेलणारी घ्या, कारण चादर जड असते आणि बारीक तार ऐन वेळी तुटते. तार उजेडात चमकते, म्हणून काळ्या मार्करने माखून घ्या. काथ्याच्या दोरीवर सुती चादर अडते आणि मग हिसका बसतो. दोरीऐवजी प्लास्टिकचं आवरण असलेली तार बांधली तर चादर अलगद सरकते. चादरीवरच्या नक्षीचा उपयोग असा की एक वीत सरकली तरी डोळ्याला कळतं. कोऱ्या कापडावर ते कळलं नसतं.

कॅमेरा मात्र तिवईवर गच्च हवा. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ स्वतःच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये चित्रित केला. त्यात रात्रीचा कॅमेरा एका जागी खिळलेला आहे. फ्रेम हलत नसली की प्रेक्षक स्वतःच कोपरे तपासू लागतो.

प्रश्न : गिंबल (कॅमेरा हिसक्यांशिवाय धरणारं यंत्र) परवडत नाही. भूत धावत येतंय असा शॉट कसा घ्यावा?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : फळीने. सॅम रायमी यांनी ‘द ईव्हिल डेड’साठी (१९८१) कॅमेरा लाकडी फळीच्या मध्यावर बसवला आणि दोन्ही टोकं धरून दोघं धावले. सहा फुटी फळी घ्या, मोबाइल क्लॅम्पने मधोमध आवळा आणि वाइड लेन्स लावा. वाइडमध्ये हिसके कमी दिसतात आणि वेग जास्त वाटतो. फळी जमिनीपासून फूटभर उंच. दोघांची उंची सारखी नसेल तर क्षितिज तिरकं होतं, तेव्हा जोडी बघून निवडा.

रायमी यांनी त्याआधी याच कल्पनेवर सुपर एट या घरगुती फिल्मवर एक छोटा नमुनापट केला होता आणि तो दाखवून पैसे उभे केले. वर्गणी मागायला निघालात तर संहितेऐवजी तीन मिनिटांचं चित्रण घेऊन जा.

प्रश्न : भुईकोट किल्ल्यात आणि एका पडक्या वाड्यात चित्रण करायचं आहे. परवानगी लागते का? सेन्सॉर?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिवई मांडून चित्रण करायचं तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हवी. वाड्यासाठी मालकाचं सहीनिशी पत्र घ्या. भावकी असेल तर एकाची सही पुरत नाही, चित्रणाच्या दिवशी दुसरा येऊन कुलूप लावतो. आत जाण्याआधी दिवसा माडीचे वासे आणि पाट्या पायाने दाबून बघा.

चित्रपटगृहात लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वीच्या एकाच यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) श्रेणीऐवजी आता ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या झाल्या आहेत. यूट्यूबला हे प्रमाणपत्र लागत नाही.

जाहिरातीत ‘सत्य घटना’ असं छापून खऱ्या वाड्याचं नाव मात्र घालू नका. त्याच्या शेजारी लोक राहतात, मालकाला तो उद्या विकायचाही असतो. नाव बदला, आणि दारावरची पाटी व घर क्रमांक फ्रेमबाहेर ठेवा.