जिल्ह्याचे आकाशवाणी केंद्र आणि बाईंची वही

अमीन सयानी यांच्यासारखा रेडिओ निवेदक श्रोत्यांच्या मनात इतकी वर्षे का राहतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या केंद्रावर निवेदकाचे काम प्रत्यक्षात कसे असते, असे आपण विचारले आहे. मी १९९१ पासून अकरा वर्षे मराठवाड्यातील एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होतो. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकच वाटते आणि ते मला आमच्या केंद्रावरच्या एका ज्येष्ठ उद्घोषिकेच्या हाताखाली काम करताना उमगले. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणत असू. आपले नाव कुठे छापून यावे अशी इच्छा त्यांनी कधी धरली नाही, त्यामुळे येथेही मी ते लिहीत नाही.

आधी सयानी यांच्याविषयी लिहितो, कारण बाईंचे तेच आदर्श होते. ३ डिसेंबर १९५२ रोजी आजच्या श्रीलंकेतील रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सयानी यांना विसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना त्या काळात जवळजवळ दार बंद होते आणि ‘विविध भारती’ सुरू व्हायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडायचा होता. त्यामुळे मुंबईत ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम विमानाने कोलंबोला जायचा आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन पुन्हा भारतातल्या घराघरांत यायचा. पहिल्या कार्यक्रमानंतरच सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात ही संख्या आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली. दर बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या ओसरीवर शेजारची माणसे जमत आणि माझे वडील काटा हळूहळू सरकवत खरखरीतून तो आवाज शोधून काढत. हे दृश्य माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी पाहिलेले असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची एक कमी सांगितली जाणारी गोष्ट. सयानी यांच्या आई कुलसुम सयानी या गांधीजींच्या सांगण्यावरून १९४० पासून ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत असत. ते नुकतेच लिहायला-वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी होते आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघत असे. लहानपणी अमीन त्या कामात आईला मदत करीत. नवसाक्षर माणसाला अडखळायला लावणारा प्रत्येक शब्द बाजूला ठेवून त्याजागी त्याच्या तोंडी असलेला शब्द बसवायचा, हे शिक्षण त्यांना ध्वनिक्षेपकासमोर बसण्यापूर्वीच घरात मिळाले होते. पुढे त्यांची हिंदुस्तानी पंजाबातल्या ट्रकचालकालाही समजली आणि मद्रासमधल्या विद्यार्थ्यालाही, याचे मूळ मला त्या पाक्षिकात दिसते. ‘बहनों और भाइयों’ या त्यांच्या संबोधनात बहिणींना पहिले स्थान देण्यामागेही रेडिओ कोण ऐकत आहे याचे तेच भान होते, असे बाई नेहमी सांगत.

आता छोट्या केंद्राकडे वळतो. देशातले पहिले स्थानिक आकाशवाणी केंद्र ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोइल येथे सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रातही अनेक जिल्ह्यांना आपापली केंद्रे मिळाली. अशा केंद्रावर माणसे मोजकीच असतात. आमची पहिली सभा, म्हणजे प्रसारणाची पहिली पाळी, सकाळी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी सुरू होत असे. वॉल्टर कॉफमन यांच्या नावाने ओळखली जाणारी आकाशवाणीची संकेतधून, मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी असा क्रम ठरलेला असे आणि त्या वेळी इमारतीत ड्यूटी ऑफिसर, एक अभियंता, एक शिपाई आणि उद्घोषक एवढीच माणसे असत. क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद, हातात घेऊन ध्वनिमुद्रिका आणि टेपची स्पूल क्रमाने लावून ठेवायची, टेपची सुरुवात हाताने मागेपुढे फिरवून नेमकी शोधायची, आवाज कमीजास्त करणारा एक फेडर खाली नेताना दुसरा वर घ्यायचा आणि यातले काहीही श्रोत्याच्या कानाला जाणवू द्यायचे नाही, हे सगळे एकटा उद्घोषकच करीत असे. सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांचे सहक्षेपण असे, म्हणजे त्या बातम्या त्याच वेळी आमच्या केंद्रावरूनही ऐकवल्या जात. त्या आधी आमच्याकडे दोन मिनिटे चाळीस सेकंद उरलेले असले आणि गाणे साडेतीन मिनिटांचे असले, तर ते मध्येच तोडू नये म्हणून तेवढ्या लांबीची सुरावट आधीच शोधून ठेवावी लागे. माझ्या अकरा वर्षांत बाईंच्या कोणत्याही सभेत मी अर्धवट तुटलेले गाणे ऐकले नाही.

परंतु तांत्रिक सफाई ही महिन्या-दोन महिन्यांत हाताला येते. बाईंचे खरे काम त्यांच्या एका वहीत होते. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या जाड वहीत जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या गावांची नावे, उच्चार जसा असेल तशी देवनागरीत लिहिलेली होती. अनेक निवेदने कार्यालयांकडून रोमन लिपीत टंकलिखित होऊन येत. त्या लिपीत ‘मंठा’ हा तालुका परक्या माणसाला ‘मांथा’ वाटू शकतो, ‘वाडी’ आणि ‘वडी’ यांतला भेद नाहीसा होतो आणि ‘ळ’ तर कागदावर उरतच नाही. शिवाय आष्टी नावाची गावे बीड जिल्ह्यात आहेत, जालना जिल्ह्यात आहेत आणि वर्ध्याकडेही आहेत, त्यामुळे तालुका न सांगता ‘आष्टी येथे’ असे म्हणणे बाईंना चालत नसे. गावाचे नाव कळले नाही, तर त्या बस स्थानकावरच्या चौकशी खिडकीला दूरध्वनी करीत, कारण दिवसभर गावांची नावे पुकारणारा माणूस ती चुकत नाही, असा त्यांचा विश्वास होता. आमच्यापैकी नवा कोणी रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला ध्वनिक्षेपकासमोर बसवण्याऐवजी ती वही मोठ्याने वाचायला लावली जाई. मला त्याचा तेव्हा कंटाळा आला होता.

त्या वहीचे मोल फर्माइशीच्या कार्यक्रमात दिसत असे. मोठ्या शहरातल्या केंद्रावर पत्रांचा ढीग पडतो आणि त्यातली काही नावे वाचली जातात. आमच्याकडे आठवड्याला शंभर-सव्वाशे पोस्टकार्डे येत आणि त्यांतले एकही नाव वगळायचे नाही, असा बाईंचा दंडक होता. गाणे तीन मिनिटांचे आणि नावे दोन मिनिटांची, असेही कधी कधी होत असे. एकदा मी म्हणालो की, इतकी नावे वाचली तर इतर श्रोते कंटाळतील. त्यावर त्या म्हणाल्या, “अहो, गाणे त्यांना पानाच्या ठेल्यावरही ऐकायला मिळते. त्यांनी पंधरा पैशांचे कार्ड टाकले आहे ते नावासाठी.” झारखंडमधल्या झुमरीतिलैया या गावाचे नाव भारतभर ठाऊक झाले ते असेच, तिथल्या श्रोत्यांच्या फर्माइशींमुळे. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाला रेडिओने जे दिले, तेच आमच्या जिल्ह्यातल्या पन्नास घरांच्या वस्तीलाही मिळावे, असे बाईंना वाटत असे आणि आज विचार करताना मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते.

उच्चार आणि आकडा यांत त्या फरक करीत नसत. याचा धडा मला एका पावसाळ्यात मिळाला आणि तो प्रसंग मी येथे सविस्तर लिहितो, कारण छोट्या केंद्रावरच्या कामाचे स्वरूप त्याच्याइतके स्पष्ट मला दुसऱ्या कशाने सांगता येणार नाही. तिसऱ्या सभेत मी ड्यूटीवर असताना धरणातून गोदावरीत पाणी सोडत असल्याचा निरोप दूरध्वनीवरून आला. बाहेर पाऊस कोसळत होता, तारांमधून आवाज तुटक येत होता आणि पलीकडचा अधिकारी इंग्रजीतून आकडा सांगत होता. त्याने ‘फिफ्टी थाउजंड’ म्हटले आणि मी ‘फिफ्टीन थाउजंड’ ऐकले. ड्यूटी रूममध्ये गर्दी होती, पुढचे गाणे संपत आले होते आणि मी कागदावर पंधरा हजार क्युसेक असे लिहून तसेच वाचले. नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, हे पुढचे वाक्यही मी नेहमीच्या स्वरात उच्चारले.

बाईंची त्या दिवशी सुट्टी होती आणि त्या घरी रेडिओ ऐकत होत्या. दहा मिनिटांत त्यांचा दूरध्वनी आला. दिवसभर वरच्या भागात जो पाऊस पडला होता, त्याच्या मानाने पंधरा हजार हा आकडा त्यांना बसत नव्हता. त्यांनी मला रागावण्यात वेळ घालवला नाही. पुन्हा विचारा, मराठीत विचारा आणि एकेक अंक सुटा म्हणवून घ्या, एवढेच त्या म्हणाल्या. मी तसे केले आणि पाचावर चार शून्ये आहेत हे ऐकल्यावर माझ्या हातातला कागद थरथरू लागला. मी चालू गाणे थांबवले. मघाशी दिलेला आकडा चुकीचा होता, तो आमच्याकडून चुकला होता, खरा आकडा पन्नास हजार क्युसेक आहे, असे मी तीन वेळा वाचले आणि सभा संपेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचत राहिलो. ‘आमच्याकडून चूक झाली’ हे शब्द वाचायचेच, असे बाईंनी बजावले होते, कारण नुसता नवा आकडा दिला तर ऐकणाऱ्याला पाणी वाढले असे वाटेल आणि मघाचा आकडा कधी खरा होता याचा हिशेब तो करीत बसेल.

त्यानंतरच्या आठवड्यात नदीकाठच्या एका गावातून पोस्टकार्ड आले. पहिला आकडा ऐकून आम्ही धान्याची पोती माळ्यावर चढवली होती, दुसरा ऐकून जनावरे सोडून टेकडीवरच्या शाळेत नेली, असे त्यात लिहिले होते. आभार मानलेले नव्हते आणि तक्रारही नव्हती. ते कार्ड बाईंनी वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवले आणि पुढे दूरध्वनीवरून येणारा प्रत्येक आकडा अंकाअंकाने परत म्हणून घेण्याची पद्धत आमच्या ड्यूटी रूममध्ये रूढ झाली.

कामाच्या इतर बाजूही आपल्याला ठाऊक असायला हव्यात. नैमित्तिक उद्घोषकाला लेखी परीक्षा आणि स्वरचाचणी द्यावी लागते, वाणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यानंतरही महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळतात. केवळ त्यावर घर चालत नाही. मी दिवसा एका शाळेत शिकवत असे, माझा एक सहकारी कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत असे. गावात आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होतो, मात्र चेहरा कोणी ओळखत नाही. दवाखान्यात नंबर लावताना तोंड उघडले की माणसे वळून पाहतात, हा अनुभव मला आजही हवाहवासा वाटतो.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या केंद्रांचे स्वतःचे कार्यक्रम कमी होऊन दुसरीकडून सहक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमांचे तास वाढले आहेत. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा राज्यभरातून त्याला विरोध झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मला त्या विरोधाने फार धीर दिला. दुसऱ्या बाजूला माणदेशातल्या म्हसवडसारख्या ठिकाणी सामुदायिक रेडिओ उभे राहिले आहेत आणि तिथे गावातल्याच स्त्रिया स्वतःच्या बोलीत बोलतात. आपल्याला हे काम करून पाहायचे असेल, तर अशा केंद्राकडे जरूर चौकशी करावी, असे मी सुचवेन.

बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले. ती बातमी कळल्यावर मी बाईंना दूरध्वनी केला. गीतमालेविषयी त्या थोडेच बोलल्या. बुधवारी रात्री वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली पायदाने, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, आणि सरताज गीते, म्हणजे पहिल्या क्रमांकाची गाणी, त्यांना आठवत होती. मग आवाज बदलून त्यांनी विचारले, “आज सकाळच्या निवेदनात घनसावंगीचा उच्चार कोणी केला हो? सावंगी वेगळी आणि घनसावंगी वेगळी. त्या मुलीला सांगा, वही कपाटात डाव्या बाजूला आहे.” मी केंद्र सोडून दोन दशके झाली आहेत हे त्यांना माहीत आहे. तरीही दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेलो, त्या मुलीला भेटलो आणि आम्ही दोघांनी कपाट उघडून पाहिले. वही तिथेच होती.