सुनावणीत ‘परवडणारी घरे हवीत’ एवढेच म्हणून भागत नाही

आपण विचारले आहे, की अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीत घर घेऊन दोन वर्षे झाली, जवळच्या मोठ्या रस्त्यावर भाड्याच्या सदनिकांची इमारत येऊ घातली आहे, वस्तीतल्या मंडळींनी विरोधासाठी सह्या गोळा करायला घेतल्या आहेत आणि आपल्याला मात्र ती इमारत व्हावी असे वाटते. तर त्या इमारतीच्या आराखड्यावरील जाहीर सुनावणीत काय बोलावे? मी या काउंटीत बावीस वर्षे राहतो आहे आणि अशा सुनावण्यांत बऱ्याचदा बोललो आहे. पहिल्या दोन वेळा माझे बोलणे पूर्णपणे वाया गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाया जाण्याचे कारण साधे होते. मी परवडणाऱ्या घरांची गरज या विषयावर कळकळीने बोललो, आणि त्या गरजेला विरोध करणारे सभागृहात कोणीच नव्हते. विरोध असतो तो या जागेला, या उंचीला, या पार्किंगला. आणि विरोध करणारे गृहस्थ सुरुवात हमखास ‘परवडणाऱ्या घरांना माझा पाठिंबाच आहे, पण’ अशी करतात. तेव्हा आपल्या वाट्याला येणारी दोन-तीन मिनिटे त्याच इमारतीवर खर्च करावीत: तीत किती घरे, किती उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आणि किती वर्षांसाठी राखून ठेवली जाणार आहेत.

यातला ‘किती वर्षांसाठी’ हा प्रश्न लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. या काउंटीने १९७४ साली एक कायदा लागू केला, ज्याला येथे सगळे एमपीडीयू म्हणतात. मोठ्या प्रकल्पातील काही टक्के घरे बिल्डरने मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना ठरलेल्या किमतीत किंवा भाड्याने द्यायची, आणि त्या बदल्यात त्याला काही जादा घरे बांधण्याची मुभा मिळते. महाराष्ट्रातल्या मोठ्या गृहप्रकल्पांतली वीस टक्के घरांची अट आपल्याला ठाऊक असेल. कल्पना तीच, पण येथे ती चाळीसएक वर्षे आधी आली. सुरुवातीला ही अट पन्नास किंवा अधिक घरांच्या प्रकल्पांना होती, आता ती वीस घरांपासून लागू होते, आणि राखीव घरांचे प्रमाण साधारणपणे साडेबारा ते पंधरा टक्के असते. मात्र पहिल्या काळात विकत दिलेल्या घरांवरचे किमतीचे बंधन अवघे पाच वर्षे टिकत असे, १९८१ नंतर दहा वर्षे. मुदत संपली की घर खुल्या बाजारात. अशा रीतीने, मोठ्या कष्टाने मिळवलेली हजारो घरे हातची गेली, आणि २००५ मध्ये ही मुदत विक्रीच्या घरांसाठी तीस वर्षे व भाड्याच्या घरांसाठी नव्याण्णव वर्षे करण्यात आली. आपल्याजवळची इमारत भाड्याची आहे, म्हणजे तिथली राखीव घरे आपल्या नातवंडांच्या काळातही राखीवच राहतील. हे सभागृहात आवर्जून सांगा. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. ‘परवडणारे’ हा शब्द येथे वॉशिंग्टन परिसरातील मध्यम कौटुंबिक उत्पन्नाशी बांधलेला आहे, आणि ते २०२४ मध्ये चार माणसांच्या कुटुंबासाठी १ लाख ५४ हजार ७०० डॉलर धरले होते. एमपीडीयूची मर्यादा ढोबळमानाने त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे १ लाख ८ हजारांच्या आसपास. एका पगारावर घर चालवणारे शिक्षक किंवा परिचारिका त्यात बसतात. ऑफिसची साफसफाई करणारे जोडपे त्यात बसत असले, तरी त्या मर्यादेवर आखलेले भाडे त्यांना झेपेलच असे नाही. म्हणून पाठिंबा देतानाच, काही घरे त्या मध्यम उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांच्या पातळीवर ठेवता येतील का, हेही विचारावे. ही मागणी हवेतली नाही. शेडी ग्रोव्ह मेट्रो स्थानकाजवळ २०२३ मध्ये उघडलेली ‘लॉरिएट’ ही २६८ घरांची इमारत पाहून या. काउंटीच्या गृहनिर्माण आयोगाची तीत मोठी मालकी आहे, सुमारे तीस टक्के घरे कमी भाड्याची आहेत आणि बाकीची बाजारभावाने दिलेली आहेत. त्यासाठी काउंटीने २०२१ मध्ये एक फिरता निधी उभारला: बांधकामाच्या काळात त्यातून स्वस्त पैसा द्यायचा आणि इमारत उभी राहून कायमचे कर्ज मिळाले, की तो परत घेऊन पुढच्या इमारतीला लावायचा. आपल्याकडच्या भिशीची आठवण व्हावी असा हा हिशेब आहे.

आता आक्षेपांविषयी थोडके. शाळा भरून जातील, हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक असतो, तेव्हा त्याची टिंगल करू नये. मात्र जुन्या वस्त्यांत मुले वाढतात ती बरीचशी वृद्ध जोडप्याचे घर तरुण कुटुंबाने घेतल्यामुळे, आणि त्यासाठी कोणी सह्या गोळा करत नाही. ‘दूर मोकळ्या जागेत बांधा’ असे कोणी म्हटले, तर काउंटीची सुमारे ९३ हजार एकर जमीन, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश भाग, १९८० पासून शेतीसाठी राखून ठेवलेला आहे, याची आठवण करून द्यावी. तो राखायचा असेल, तर रुंद रस्त्यांवर आणि मेट्रोजवळच दाटी करावी लागेल. घरांच्या किमती पडतील, या भीतीवर मी वेळ घालवत नाही, कारण या काउंटीत किमती पडायची वाट पाहणारेच जास्त आहेत.

कोणाकडे काय मागायचे, हेही आधी पाहून घ्यावे. झोनिंगचे, म्हणजे कोणत्या जागी काय बांधता येईल याचे, नियम बदलायचे असतील, तर ते अकरा सदस्यांच्या काउंटी कौन्सिलच्या हातात असते. मुख्य रस्त्यांलगत डुप्लेक्स आणि छोट्या इमारतींना परवानगी देणारी दुरुस्ती २०२५ च्या जुलैत तिथेच मंजूर झाली. एखाद्या इमारतीचा आराखडा मात्र पाच सदस्यांच्या प्लॅनिंग बोर्डापुढे येतो, आणि त्या बोर्डाला तो त्या भागाच्या मंजूर योजनेशी जुळतो की नाही, एवढेच मुख्यतः तपासायचे असते. म्हणून ती योजना वाचा, तिच्यातले इमारतीला अनुकूल असे वाक्य शोधा आणि पान क्रमांकासह वाचून दाखवा. सुनावणीच्या आधी प्रसिद्ध होणारा बोर्डाच्या कर्मचाऱ्यांचा अहवालही वाचा, आणि लेखी निवेदन ठरलेल्या मुदतीत पाठवून ठेवा.

शेवटी, शक्य झाल्यास त्या घरांची ज्याला गरज आहे अशा माणसाला सोबत घेऊन जा, नाही तर त्याच्या परवानगीने त्याचे म्हणणे सांगा. माझ्या आईच्या देखभालीसाठी एक बाई लांबच्या हेगर्सटाउन गावाहून येत असत. सात वाजता आमच्या दारात उभे राहण्यासाठी त्या पाचला निघत, कारण २७० क्रमांकाच्या महामार्गावरची गर्दी त्यांना तोंडपाठ होती. कधी लवकर पोचल्या, तर बेल न वाजवता गाडीतच थर्मासातला चहा घेत बसत. तिसऱ्या सुनावणीत मी एवढेच सांगितले आणि त्यांना यायला मिळाले नाही, कारण त्या वेळी त्या आईजवळ बसल्या आहेत, असे म्हटले. त्या दिवशी प्रथमच एका सदस्याने मला उलट प्रश्न विचारला: या इमारतीतले राखीव घर त्यांच्या पगारात बसेल का? हिशेब मी करून नेला नव्हता. आपण नक्की करून न्या.