मुंबईजवळ बाहेरून साधं दिसणारं, पण जुनं आणि चांगलं जेवण देणारं गावाकडचं हॉटेल आहे का? तिथे घरच्यांना न्यावं का?

आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जा, चौक गाव मागे पडलं की खोपोलीच्या अलीकडे डाव्या हाताला पत्र्याची पडवी दिसेल. पाटीवरचा रंग कधीच उडालाय.

घरच्यांना न्यावं का, हे आमच्या भावोजींना विचारा. पुण्याला साखरपुड्याला निघालो होतो. बाबांनी गाडी तिथे थांबवायला लावली, तर भावोजी म्हणाले, "हे हॉटेल आहे की गॅरेज?" आणि एसी लावून गाडीतच बसले.

ते गॅरेज वाटलं दारातल्या हौदामुळे. बाबांनी दादर-पुणे टॅक्सी चालवली, फियाट. बोरघाट चढायच्या आधी गाडीला पाणी आणि ड्रायव्हरला चहा पाजायचाच, नाहीतर अर्ध्या घाटात बॉनेट उघडून उभं राहायचं. या पट्ट्यातली हॉटेलं त्या पाण्यावर जगली. 2002 मध्ये एक्स्प्रेसवे पुरा झाला, गाड्या वरच्या वर जायला लागल्या आणि कित्येकांनी शटर ओढलं. याच्याकडे गावचं गिऱ्हाईक होतं म्हणून टिकलं. बाबांनी त्याच हौदावर हात धुतले.

मागच्या पडवीत एक आजी मोड आलेले वाल सोलत होत्या. कोमट पाण्यातला दाणा दोन बोटांत दाबायचा, साल मागे राहते आणि डाळिंबी टुणकन परातीत. रायगडातले कडवे वाल. भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर येतात. त्याचं बिरडं, आमसूल-गुळाचं, वर ओलं खोबरं, आणि तव्यावरून थेट ताटात येणारी तांदळाची भाकरी. बाबा चार भाकऱ्या जेवले. घरी दोनवर हात धुतात.

ज्याला बाहेरचा रंग बघून जेवायचंय त्याने फूड मॉलला जावं. तिथे फरशी चकचकीत असते, पण वडा कधीचा तळलाय ते कोणी सांगत नाही. इथे चूल समोर दिसते.

हां, संडासाची सोय यथातथाच आहे, लहान मुलं असतील तर आधीच उरकून घ्या. पाण्याची बाटली आपली न्या. दोननंतर भाकरी मिळेलच असं नाही.

भावोजींनी पुढे फूड मॉलला वडापाव खाल्ला. केवढ्याला पडला, ते अजून ताईलासुद्धा सांगितलेलं नाही.