कुठलं पिस्तूल जास्त अचूक?

प्रश्न: रेंजवर २५ मीटरवर पॉइंट २२ आणि ९ एमएम (गोळीच्या जाडीवरून पडलेली नावं) दोन्ही पिस्तुलं चालवून बघितली, २२ चा ग्रुप (म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) छान घट्ट आला, ९ एमएमचा सगळीकडे पसरला. म्हणजे ९ एमएम कमी अचूक का?

उत्तर: नाही हो, हा निकाल पिस्तुलाचा कमी आणि हाताचा जास्त आहे. २२ ला धक्का अगदी कमी, त्यामुळे ट्रिगर दाबताना मनगट आधीच आवळलं जात नाही, ९ एमएमला मात्र आवाजाच्या धास्तीनेच नळी खाली जाते आणि गोळ्या टार्गेटवर खाली लागतात, हे जवळपास प्रत्येक नवशिक्याचं होतं. खरी तुलना करायची तर दोन्ही पिस्तुलं सँडबॅगवर टेकवा, प्रत्येकी ५ गोळ्यांचे निदान ३ ग्रुप मारा, आणि सर्वात लांबच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजा. एका पिस्तुलासाठी गोळ्या एकाच लॉटच्या घ्या, ब्रँड बदलला की ग्रुपही बदलतो. ग्रुप घट्ट पण बाजूला येत असेल तर आधी साइट (नेम धरायची खूण) अॅडजस्ट करा, पिस्तुलाला दोष देऊ नका. ट्रिगरचं वजनही, म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो तेही बघा, स्पर्धेच्या १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम लागतं, सर्व्हिस पिस्तुलाचा ट्रिगर त्याच्या कितीतरी पट जड असतो, आणि माझ्या मते हातातला निम्मा फरक तिथेच पडतो.