गोळी आधी, आवाज नंतर

‘वॉरफेअर’ हा अ‍ॅलेक्स गार्लंड आणि रे मेंडोझा यांचा २०२५ चा चित्रपट. नोव्हेंबर २००६ मध्ये इराकमधल्या रमादी शहरात अमेरिकी नेव्ही सील्सची, म्हणजे नौदलाच्या कमांडोंची, एक तुकडी एका घरात अडकते, तेवढीच गोष्ट. मेंडोझा स्वतः त्या तुकडीत होते. चित्रपट पाहून वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. जवान नुसते खिडकीतून बघत बसतात. हे कापता आलं नसतं का?

कापलं असतं तर पुढचं काहीच पोहोचलं नसतं. टेहळणी अशीच चालते. दुर्बिणीला डोळा लावून कोण आलं, कोण गेलं, कोण दुसऱ्यांदा डोकावलं हे टिपत राहायचं आणि सांगत राहायचं. गजबजलेला रस्ता एकाएकी ओस पडला, तर ती धोक्याची पहिली खूण असते. आणखी एक गोष्ट म्हणजे याच वेळात घर आपल्या अंगवळणी पडतं. जिना कुठे, दार कुठे, मागची खोली कुठली. पुढे धुरात काही दिसेनासं होतं, तेव्हा तीच माहिती कामाला येते.

स्फोटात आगीचा लोळ दिसला नाही, नुसती धूळ उडाली. खर्च वाचवला का?

नाही, खरा स्फोट असाच दिसतो. पडद्यावरचा नारिंगी लोळ बहुतेकदा पेट्रोल पेटवून काढलेला असतो, कारण तो हळू फुलतो आणि कॅमेऱ्यात छान दिसतो. टीएनटीसारख्या लष्करी स्फोटकात स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने सरकते. डोळ्याला दिसतो एक लखकन प्रकाश, मग करडी-काळी धूळ आणि माती. त्यानंतर चित्रपटातले आवाज बोथट होतात, तेही बरोबर आहे. १४० डेसिबलच्या वरचा एकच दणका कान कायमचे बिघडवायला पुरतो. साध्या रायफलच्या बाराचा आवाजही त्याहून मोठा असतो, आणि बंद खोलीत तो भिंतींवरून परततो.

गोळी जवळून जाताना चाबूक ओढल्यासारखा आवाज येतो, बंदुकीचा ‘धाड’ मागाहून. ही ध्वनिमुद्रणाची चूक आहे का?

चूक नव्हे. ५.५६ मिलिमीटरची गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते, आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटरने येतो. बंदूक ३०० मीटरवर असेल तर आधी गोळीची सटक आणि सुमारे अर्ध्या सेकंदाने बंदुकीचा ‘धाड’ ऐकू येतो. मुरलेला जवान या दोहोंमधल्या फटीवरून अंतराचा अंदाज बांधतो.

गोळी लागलेला माणूस मागे का फेकला जात नाही, असंही एकाने विचारलं आहे. ४ ग्रॅमच्या गोळीत तेवढा रेटाच नसतो. तसा रेटा असता तर गोळी झाडणाराही मागे फेकला गेला असता. माणूस जागीच कोसळतो.

जखमी जवानाचं ओरडणं थांबतच नाही. पायाला पट्टा बांधल्यावर तरी वेदना कमी व्हायला हव्या होत्या ना?

उलट वाढतात. टुर्निकेटचं, म्हणजे या पट्ट्याचं, काम रक्त थांबवणं, आणि ते थांबतं मांस अक्षरशः आवळल्यामुळे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून दुखण्याकडे बघत बसायला वेळ नसतो.

पट्टा जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर बांधतात. तो सांध्यावर कधीच बांधत नाहीत. जखम नेमकी कुठे आहे ते कळत नसेल तर मांडीत जितक्या वर बांधता येईल तितक्या वर. आधी हाताने ओढून पट्टा घट्ट करायचा, मग पट्ट्यावरची दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. दांडी खाचेत अडकवायची आणि वेळ लिहून ठेवायची, कारण दोन तासांनंतर स्नायू आणि नसांना इजा होण्याचा धोका वाढत जातो.

गफलत होते ती दोन ठिकाणी. पट्टा ढिला असतानाच दांडी पिळली तर कितीही पिळे दिले तरी रक्त वाहत राहतं. दुसरी चूक जास्त माणुसकीची आणि जास्त घातक: जखमी किंचाळतो म्हणून हात थांबतो, किंवा पट्टा मधूनमधून सैल केला जातो. तेवढ्यात थांबलेलं रक्त पुन्हा सुटतं. एका पट्ट्याने भागलं नाही तर त्याच्या लगत वर दुसरा बांधायचा असतो. वेदना मारणारं मॉर्फिनही लगेच टोचता येतंच असं नाही. रक्त खूप गेलेलं असेल तर त्याने रक्तदाब आणि श्वास आणखी खाली येतात. म्हणून ते ओरडणं कापलं असतं तर आम्ही त्याला फसवणूकच म्हटलं असतं.

लढाऊ विमान डोक्यावरून गेलं, पण बॉम्ब टाकला नाही. का?

शत्रू पलीकडच्याच घरांत होता. इतक्या जवळ बॉम्ब टाकला तर आपलीच माणसं त्यात सापडतात. म्हणून नुसत्या घरघराटाने दबकावायचं.

कुणाची ओळख नाही, घरदार नाही, पार्श्वसंगीतही नाही. आम्ही कुणासाठी रडायचं?

हा आक्षेप अनेकांचा आहे आणि तो पोकळ नाही. संगीत नसल्यामुळे कुठे घाबरायचं हे आपल्याला कोणी सांगत नाही, हा आम्हाला चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. माणसांची ओळख मात्र खरोखरच अपुरी राहते. जवानांची निदान नावं तरी कानावर पडतात. ज्या इराकी कुटुंबाचं ते घर आहे, ते जवळजवळ सगळा वेळ एका खोलीत कोंडलेलं राहतं, आणि कॅमेरा तिथे फारच थोडा वेळ थांबतो. त्या खोलीतून हीच लढाई कशी ऐकू येत असेल, ते दाखवायला चित्रपटात जागा होती.