मख्ख चेहरा : आजार की गोळ्या?

प्रश्न : धाकट्या भावाला (वय २८) स्किझोफ्रेनिया आहे, दोन वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. भास थांबलेत. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण वर्षभराने माहेरी आली, तर त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ती रडली. नातेवाईक म्हणतात, माया आटली. खरंच त्याला काही वाटत नाही का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : वाटत असणार. १९९३ साली अमेरिकेत ॲन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना चित्रपटांतली भावनिक दृश्यं दाखवली. चेहरे इतरांपेक्षा कमी हलले. पण काय आणि किती वाटलं हे विचारल्यावर रुग्णांनी सांगितलेल्या भावना इतरांपेक्षा कमी नव्हत्या. त्यामुळे माया चेहऱ्यावर मोजू नका, त्याला विचारा. ‘हस ना जरा’ म्हणू नका. ‘ताई आली, बरं वाटलं का?’ असं थेट विचारा आणि उत्तराला वेळ द्या. पाच-दहा सेकंद गप्प राहणं घरच्यांना जड जातं, आणि तेवढ्यात कुणीतरी दुसरा प्रश्न टाकतं.

आता चेहरा थिजला कशाने, ते बघू. आजारातच असं होतं, पण गोळ्यांनीही होतं. भासावरच्या गोळ्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतात, त्यातून कंपवातासारखी लक्षणं येतात. मग चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. ओळखायचं असं : अंगणात त्याला चालायला सांगा, हात झुलतात की अंगाला चिकटलेले राहतात? चहाचा कप धरताना हात थरथरतो का? पापण्या फार कमी लवतात का? (शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या लववतो.) उशीवर लाळेचा डाग असतो का? लाळ मात्र क्लोझापिन या गोळीनेही गळते, तेव्हा एवढ्यावरून ठरवू नका. सगळ्यात कामाची खूण तारखेची : गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत चेहरा बदलला, तर संशय गोळीवर. उपचाराआधीच्या लग्नाच्या व्हिडिओतही तो असाच मख्ख असेल, तर बहुधा आजार. तिसरी शक्यता नैराश्याची : झोप, भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर वाट बघू नका.

दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात पाच मिनिटांत दिसत नाही ते व्हिडिओत दिसतं. डॉक्टर डोस कमी करतील, गोळी बदलतील किंवा ही कंपवातासारखी लक्षणं कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी जोडतील. स्वतःहून गोळी बंद करू नका, भास परततात. आजारामुळेच चेहरा मख्ख असेल, तर त्यावर खात्रीची गोळी आज नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हाची. ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, भासावरच्या गोळ्यांनी शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी ११ ते ४ त्याला शेतात पाठवू नका. पाणी मागेल याची वाट न बघता हातात तांब्या द्या. अंग तापलेलं पण कोरडं, आणि बोलणं बरळल्यासारखं झालं, तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

प्रश्न : त्याला आमचे चेहरे तरी कळतात का?

उत्तर : कमी कळतात, विशेषतः भीती आणि राग. साधा थकलेला चेहराही त्याला रागावलेला वाटू शकतो. कापूस वेचून दमून आलात, तर तोंडानेच सांगा, ‘दमलोय रे, तुझ्यावर रागावलो नाही.’ तातडीच्या सल्ल्याला टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन : १४४१६, मोफत, मराठीतही.